यक्ष वंशाची त्रेचाळीस पानी नियमावली

यक्षाला निवृत्तीचं वय असावं की नसावं, यावर आमच्या कार्यालयात तीन टेबलांनी मतं दिली, आणि तिन्ही लेखी दिली. तुम्ही म्हणाल, या माणसाचं डोकं फिरलंय. आमच्या हिचंही तेच मत आहे, फक्त ते लेखी नाही. पण मी सगळं पहिल्यापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा. माझा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर लेक आणि तिची मित्रमंडळी एक खेळ खेळतात. पट नाही, पत्ते नाहीत. लेक सूत्रधार. ती गोष्ट सांगते, की तुम्ही अशा अशा जंगलात आलात, समोर नदी आहे, पूल मोडलाय. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं आणि आपलं पात्र आता काय करणार ते त्यांनी सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, एक पडला तर कपाळमोक्ष. एवढंच. यासाठी ती मुलं दोन दोन तास ओरडतात, रडकुंडीला येतात, एकदा तर चष्म्या नावाचा मुलगा मोडक्या पुलावरून खरोखरच खुर्चीसकट खाली पडला होता.

पात्राला आधी वंश लागतो. त्याचं एक जाडजूड पुस्तक आहे. आशिया खंडातल्या जुन्या दंतकथांतून सगळे वंश गोळा केलेत. नाग आहेत, गरुड आहेत, नऊ शेपट्यांची कोल्हीण आहे. डोक्यावरच्या खळग्यात पाणी घेऊन हिंडणारा एक नदीतला बुटका आहे. त्याला कुणी वाकून नमस्कार केला की त्यालाही वाकावंच लागतं, पाणी सांडतं आणि त्याची सगळी ताकद जाते. हा बुटका आमच्या कार्यालयात लागला असता तर पहिल्याच आठवड्यात गेला असता.

हे सगळं मला कसं माहीत? तर आतल्या खोलीच्या दाराला कान लावून. चार ते सहा मला बाहेर यायची बंदी आहे. दोन वर्षांपूर्वी मी पाणी प्यायला म्हणून टेबलाजवळून जात होतो आणि सहज विचारलं, "काय गं, सापाला तर बाहेरून कान नसतात, मग तुमच्या नागाने हाक ऐकली कशी?" बास. इतकाच माझा गुन्हा. लेकीने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. ज्या घरातल्या पंख्याच्या बटणावरही माझ्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे, त्या घरात ही माझी किंमत!

आणि आता एका बुधवारी संध्याकाळच्या गाडीने लेक शिकायला जाणार होती. लांब. रात्रभर गाडीत बसून, मग दुसरी गाडी. मला त्याचं काही विशेष नव्हतं. मुलं शिकायला जातातच. फक्त मधेच ऑफिसात मी टाचणी शोधायला खण उघडायचो आणि कशाला उघडला तेच आठवायचं नाही.

तर जायच्या दहा दिवस आधीच्या रविवारी चार वाजले तरी बाहेर आरडाओरडा ऐकू येईना. दार किलकिलं केलं तर तिघंच बसलेली. लेक, चष्म्या आणि डुलकी. डुलकी म्हणजे कोल्हीण. ती मुलगी अर्धा वेळ टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असते आणि नेमकी तिच्या पाळीला उठून वीस टाकते. चौथा गडी होता तो वडिलांची बदली झाली म्हणून गाव सोडून गेला होता.

"शेवटचा सामना पुढच्या रविवारी आहे," लेक म्हणाली. "मी सोडून तिघं असल्याशिवाय किल्ल्यात शिरताच येत नाही. माणूस हवाच."

मी दारात उभा होतो. कुणाकडेच बघत नव्हतो. घसा खाकरला, एवढंच.

लेकीने माझ्याकडे बघितलं. चष्म्याकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. डॉक्टर वाईट बातमी द्यायच्या आधी बघतात तसं. "बाबा," ती म्हणाली, "तुला जमेल?"

जमेल? अहो, तीस वर्षं मी नियमावली कक्षात आहे. या शहरात माणसाने अर्ज कुठल्या कोपऱ्यात सही करून द्यावा, हे मी ठरवतो. मी म्हणालो, "विचार करून सांगतो," आणि लगेच खुर्ची ओढून बसलो.

"आधी वंश निवड," म्हणून तिने ते पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलं. मी शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं, कारण खरी मेख नेहमी परिशिष्टात असते. आणि तिथेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. परिशिष्टात 'शत्रू' म्हणून एक यादी होती. त्या यादीत यक्ष! 'खजिन्याचा राखणदार. ठार केल्यास दोनशे गुण.' म्हणजे बघा, एक प्राणी हजार हजार वर्षं रजा न घेता एका जागी उभा राहून दुसऱ्याची ठेव सांभाळतो, येणाऱ्याला चार प्रश्न विचारतो, शहानिशा करतो, आणि त्याचं बक्षीस काय, तर दोनशे गुण!

"मी यक्ष होणार," मी म्हणालो.

"यक्ष खेळायला नाहीये, बाबा. तो मारायला आहे."

"तो माझा प्रश्न आहे. मी नियम लिहून देतो."

लेकीने कपाळाला हात लावला. "बरं. लिही. पण एक पान, बाबा. एकच पान. ताकद काय, कमजोरी काय, बास. आणि पुढच्या रविवारी चारच्या आत. नाही आलं तर मी दुसरा माणूस बघेन. या वेळी मला गंमत नकोय, शेवटचा खेळ आहे."

मी सोमवारी संध्याकाळी बसलो. पहिल्या पानावर व्याख्या. यक्ष म्हणजे कोण, राखण म्हणजे काय, ठेव कशाला म्हणावे. बुधवारपर्यंत त्रेचाळीस पानं झाली. तुम्ही हसाल, पण कुठलं पान काढून टाकू ते सांगा. यक्ष अदृश्य होतो, मग अदृश्य असताना त्याला धक्का लागला तर जबाबदार कोण? हे नको का लिहायला? उद्या भांडण झालं तर?

हिने भाजी चिरता चिरता चार पानं चाळली. म्हणाली, "जुन्या मूर्तींत यक्षाचं पोट सुटलेलं असतं. तेवढी एक बाब तुमची तयार आहे."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य वर्तमानपत्र परत करायला आले होते, ते तर ठाण मांडूनच बसले. हा गृहस्थ कुणाच्याही घरी जातो आणि सुधारणा सुचवतो. आमच्या दाराच्या पायपुसण्याची दिशाही त्यांनीच बदलली आहे. म्हणाले, "यक्षाला लहानमोठं होता आलं पाहिजे. आणि त्याला संगीताचं अंग हवं. आणि हे सतरावं कलम अठराव्याच्या नंतर घ्या." मी म्हटलं, "सर, सतरा अठराच्या नंतर कसं येईल?" तर म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे." जाताना त्यांनी लेकीला विचारलं, "काय गं, हे गरुड वगैरे असतात तुमच्यात, त्यांना किती जोरात उडता येतं?" मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

गुरुवारी मी कागद ऑफिसात नेले. सकाळपासून बसून सुवाच्य अक्षरात पक्की प्रत करायची, म्हणून. केली. कच्चा मसुदा तिथल्या तिथे फाडून टाकला. एका विषयाचे दोन मसुदे जिवंत ठेवायचे नाहीत, ही माझी शिस्त आहे. पक्की प्रत निळ्या कव्हरात घातली, दोरी ओवली, वर विषय लिहिला. आणि मग, काय सांगू तुम्हाला, तीस वर्षांची सवय. माझं डोकं रविवारच्या किल्ल्यात होतं आणि हाताने आपोआप खाली लिहिलं, 'मान्यतेसाठी सादर.' आणि सही ठोकली. तारखेसकट.

मी हात धुवायला गेलो. परत येतो तर टेबल स्वच्छ! आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई दुपारी तीनला येतात आणि 'सादर' लिहिलेलं जे दिसेल ते उचलून नेतात. धावत त्यांच्या खिडकीशी गेलो.

"बाई, ती निळी फाईल चुकून गेली. द्या परत."

"नोंद झाली," बाई वर न बघता म्हणाल्या.

"अहो, पण ती माझी खासगी आहे!"

"नोंद झालेली फाईल मान्यता अधिकाऱ्याच्या शेऱ्याशिवाय परत देता येत नाही."

"हा कुठला आचरट नियम? कुणी केला?"

बाईंनी खणातून परिपत्रक काढून माझ्यासमोर धरलं. खाली माझी सही होती. सुंदर सही होती.

शुक्रवारभर मी त्या फाईलच्या मागे टेबलामागून टेबल फिरलो. तुम्हाला वाटेल, कुणीतरी वाचेल आणि हसून परत देईल. छे! आमच्याकडे कुणी विषय वाचत नाही. फक्त काय राहिलंय ते शोधतात. विधी शाखेने शेरा मारला होता: 'अदृश्य होणे ही रजा समजावी की गैरहजेरी, याचा खुलासा व्हावा.' आस्थापनेने लिहिलं होतं: 'आयुर्मान एक हजार वर्षे दर्शविले आहे, मात्र निवृत्तीचे वय नमूद नाही.' त्याखाली विधीने लिहिलं की निवृत्तीचं वय नको, त्याखाली आस्थापनेने लिहिलं की हवंच, आणि त्याखाली अभिलेख शाखेने, जिचा काही संबंध नव्हता, लिहिलं होतं की हजार वर्षांची कागदपत्रं ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. मला खरं तर लाज वाटायला हवी होती. पण खोटं कशाला बोलू, त्या शेऱ्यांत दम होता. रजेचा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता.

मी फाईलपर्यंत पोचलो तेव्हा ती साहेबांच्या टेबलावर गेली होती आणि साहेब फाईल घेऊन घरी गेले होते. सवडीने वाचायला.

शनिवारी लेकीने विचारलं, "बाबा, पान झालं?"

"प्रक्रियेत आहे," मी म्हणालो.

"कसली प्रक्रिया? बाबा, मी तुला एक पान मागितलं होतं."

"उद्या मिळेल."

"मला बुधवारी जायचंय," ती म्हणाली. चिडून नाही, आणि तेच जास्त लागलं. "वरच्या सरांनी गरुड तयार केलाय. अर्ध्या पानात. ते थांबलेत फक्त माझ्या 'हो'साठी. उद्या चारपर्यंत तू आलास तर तू, नाहीतर ते."

गरुड! पायपुसण्यावर भागलं नाही, आता माझ्या खुर्चीवर! मी रात्रभर कूस बदलत होतो. ही म्हणाली, "अहो, नवीन लिहा ना एक पान. किती वेळ लागतो?" तिला काय कळणार. एका विषयाचे दोन मसुदे?

रविवारी दुपारी अडीचला मी साहेबांच्या दारात उभा. साहेब घरच्या लेंग्यात होते, आणि निळी फाईल त्यांच्या मांडीवर उघडी होती.

"या," ते म्हणाले. "वाचलं. दोनदा वाचलं. तीस वर्षांतला हा तुमचा पहिला मसुदा, जो मी शेवटपर्यंत वाचला."

याला स्तुती म्हणावं की काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. खेळ, लेक, बुधवारची गाडी, गरुड. शेवटी हात जोडले. "साहेब, फाईल तेवढी द्या."

साहेबांचा चेहरा पडला. "माणूस म्हणून देतो हो मी. पण नोंद झालेली फाईल कार्यालयाबाहेर कुणाच्या हाती देता येत नाही. तुमचंच परिपत्रक."

"पण ती कार्यालयाबाहेरच आहे! तुमच्या मांडीवर आहे!"

"माझ्या मांडीवर ती कामासाठी आहे." मग जरा आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "त्यात नाग कोण खेळतं हो?"

मी चपला चढवून निघालो. रिक्षा मिळाली नाही. चालत आलो, शेवटचा रस्ता तर पळत. छप्पन्नाव्या वर्षी, दुपारच्या उन्हात, पोट घट्ट धरून. इमारतीच्या फाटकापाशी सेक्रेटरींनी हटकलं, की तुमच्या घरातून रविवारी फासे पडल्याचा आवाज येतो अशी तक्रार आहे, लेखी खुलासा द्या. मी म्हटलं, "खुलासा गेला खड्ड्यात!" माझ्या तोंडून हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा निघालं. सेक्रेटरींनी वाट सोडली.

घरात शिरलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चौथ्या खुर्चीवर प्राचार्य बसले होते. इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्यासमोर अर्धं पान आणि टोकदार पेन्सिल.

"आलास?" लेक म्हणाली. "पान?"

"नाही मिळालं." मला धाप लागली होती. "फाईल साहेबांच्या मांडीवर आहे. विधी शाखा म्हणते अदृश्य होणं ही रजा की गैरहजेरी ते सांगा. आस्थापना म्हणते निवृत्तीचं वय लिहा. चूक माझी आहे. मी त्याच्यावर 'सादर' लिहिलं."

मग डुलकी टेबलावरून डोकं उचलून फिसकन हसली, आणि मग सगळेच. चष्म्या तर पोट धरून. प्राचार्यही हसले, तोंडावर रुमाल धरून. मी तिथेच उभा. वाटलं, जावं आपण आतल्या खोलीत. सवयीची खोली आहे.

लेक हसत नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "नियम राहू दे. तुझा यक्ष कोण आहे, ते सांग. तोंडी."

आता आली का पंचाईत! त्रेचाळीस पानांतलं एक कलम आठवेना. मी म्हणालो, "तो... तो एका दारात उभा असतो. त्याच्यामागे काहीतरी मोलाचं असतं. त्याचं नसतं ते. त्याने फक्त सांभाळलेलं असतं. आणि कुणी जायला निघालं की तो विचारतो, कुठे चाललात, बरोबर कोण आहे, परत कधी येणार. सगळे त्याच्यावर वैतागतात. पण विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. आणि उत्तर मिळालं, की तो बाजूला होतो. होतो म्हणजे, व्हावंच लागतं त्याला."

"ताकद?"

"हीच."

"कमजोरी?"

"हीच," मी म्हणालो.

प्राचार्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आतून ही हात पुसत बाहेर आली होती, ती तिथेच थांबली. लेक उठली, स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली आणि टेबलाच्या कोपऱ्याशी ठेवलं. "बस. चौघं खेळा. तिघंच चालतात असं पुस्तकात कुठे लिहिलंय?"

लिहिलं होतं. पान एकोणनव्वद. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मग दीड तास मी यक्ष होतो, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दीड तास होता तो. किल्ल्याच्या दारात मी. नाग आला, त्याला म्हटलं, कुठे? चष्म्या म्हणाला, "काका, आत, राजाला सोडवायला." परत कधी येणार विचारलं, तर म्हणाला, "सहाच्या आत, आई ओरडेल." सोडला. कोल्हिणीला विचारलं, बरोबर कोण, तर झोपेतच तिने नऊ शेपट्या मोजून दाखवल्या. सोडली. गरुडाने मात्र मलाच सुधारणा सुचवली, की दार उत्तरेला हवं होतं. त्याला मी तीनदा अडवला. राजा सुटला, राक्षस पडला, चष्म्या या वेळी आनंदाने खुर्चीवरून पडला. मुलं टाळ्या पिटत होती. खेळ संपला, असं मला वाटलं.

लेकीने सूत्रधाराची वही मिटली. मग खणातून एक लहानशी लाकडी सोंगटी काढली. दोन वर्षांत तिने स्वतःसाठी कधी पात्र घेतलं नव्हतं. सोंगटी तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवली, म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला.

"ही एक राहिली," ती म्हणाली. "हिला बाहेर जायचंय."

मी तिच्याकडे बघितलं. ती सोंगटीकडे बघत होती.

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"लांब. शिकायला."

"बरोबर कोण?"

"अजून कुणी नाही." मग हळूच, "होतील."

"परत कधी?"

लेकीने नाक पुसलं. "पहिली सुट्टी लागली की."

मला आणखी पुष्कळ विचारायचं होतं. पांघरूण घेतलंस का, पोचल्यावर फोन कधी करशील, तिथे पाणी कसं आहे, खोलीच्या दाराला आतून कडी आहे का. पण तीनच प्रश्नांचा अधिकार होता, आणि अधिकार मीच सांगितला होता.

तिने वीस बाजूंचा फासा माझ्या तळहातावर ठेवला. "टाक, बाबा. दहाच्या वर आला तर दार उघडेल. खाली आला तर..."

फासा हातात गरम लागत होता. ही पदराने डोळे टिपत होती आणि टिपत नसल्यासारखं दाखवत होती. सगळे माझ्या मुठीकडे बघत होते.

मी फासा टाकला नाही. दोन बोटांत धरला, वीसचा आकडा शोधला आणि तो बरोब्बर वर करून फासा अलगद टेबलावर ठेवला.

"वीस," मी म्हणालो.

कुणीही हरकत घेतली नाही.